‘तुला गेम कळत नाही’ असं मित्रच म्हणाला तर

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखक बत्तीस वर्षांचे. राहायला नाशिकला इंदिरानगरात, नोकरी अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. शाळेपासून चार मित्रांचा गट. त्यातल्या एकाच्या हिरावाडीतल्या घरी त्याच्या वडिलांनी हप्त्यांवर चांगला कॉम्प्युटर घेतला होता. २०११ च्या अखेरीस स्कायरिम हा गेम आला, तेव्हा चौघांनी तो त्या एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसून खेळून काढला. आता चौघे चार दिशांना आहेत. हिरावाडीचा मित्र पुण्यात. ग्रुपवर शनिवारी रात्री गप्पा होतात आणि विषय बहुतेक एकच असतो: तलवारी, जादू आणि ड्रॅगनवाले रोल-प्लेइंग गेम, म्हणजे ज्यात आपणच गोष्टीतलं एक पात्र होऊन खेळतो ते.

पत्रलेखकांचा सगळ्यात लाडका गेम विचर ३. पुण्याचा मित्र एल्डन रिंगचा भक्त. ‘तू घेच, तू घेच’ म्हणत तो सहा-सात महिने मागे लागला होता. शेवटी यांनी गेम घेतला. चौदा तास खेळले. मार्गिट नावाच्या पहिल्या मोठ्या बॉसपुढे, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूपुढे, तेवीस वेळा मेले आणि गेम काढून टाकला. ग्रुपवर लिहिलं, ‘जगातला सगळ्यात ओव्हररेटेड गेम. गोष्ट नाही, काही नाही, नुसतं मरत राहायचं.’ मित्राचं उत्तर आलं, ‘तुला गेम कळतच नाही. तुला गोष्ट ऐकायची असते. सिरियल बघत जा.’ त्यावर यांनी लिहिलं, ‘आम्हाला संसार आहेत. तुझ्यासारखा रात्र-रात्र रिकामा वेळ सगळ्यांकडे नसतो.’ मित्र ग्रुप सोडून गेला. याला तीन महिने झाले.

(पत्रातच एका कंसात लिहिलं आहे: ‘मध्यंतरी त्याचे वडील गेले, तेव्हापासून तो जरा जास्तच खेळतो असं बाकीचे म्हणतात. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे.’)

पत्रलेखक विचारतात: दोघांत बरोबर कोण? गेम चांगला की वाईट हे ठरवायचं काही माप असतं का? मित्राला पटवून कसं द्यायचं? आणि पत्नी म्हणते तसं, या वयात गेमवरून भांडणं हा पोरकटपणा आहे का?

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा भांडणासाठी, दुसऱ्यांदा त्या कंसासाठी. कंसाकडे नंतर येते. तुम्ही विचारलंय ते गेमबद्दल, आणि ते बाजूला सारून एकदम ‘मैत्री महत्त्वाची’ म्हणत तुमच्या डोक्यावर हात फिरवणं मला बरं वाटत नाही.

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. पोरकटपणा नाही. ज्यांच्या पणजोबांनी ‘बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले’ यावरून पक्ष बांधले, त्यांनी तुम्हाला हसू नये. ज्या गोष्टीत माणसाने शंभर-दीडशे तास घातले, तिच्यावरून तो भांडणारच. वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांचा मुद्दा वेगळा असावा असा मला संशय आहे, पण त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही.

आता माझा अधिकार काय, तेही सांगून टाकते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सिडकोत राहणाऱ्या भाच्याने त्याचा कन्सोल माझ्या खोलीत आणून ठेवला. सहा आठवडे पाय उशीवर आणि हातात कंट्रोलर. विचर ३ मी त्याच काळात बराचसा खेळले. म्हणजे खरं सांगायचं तर त्यातला ग्वेंट हा पत्त्यांचा डाव खेळले आणि अधूनमधून राक्षस मारले. एल्डन रिंगसुद्धा लावला होता. सुरुवातीला गुहेतून वर उजेडात आलं की समोर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. मला वाटलं, पहिलाच माणूस दिसतोय तर याच्याशीच लढायचं असणार. अकरा वेळा त्याने मला झोपवलं. भाचा चहा घेऊन आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, त्याला आत्ता मारायचं नसतं गं. झाडांच्या आडून वळसा घालून निघून जायचं.”

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. गेमने तर नाहीच. आणि तुमच्या भांडणाचं निम्मं मूळ इथेच आहे.

तुम्ही दोघं ‘रोल-प्लेइंग गेम’ या एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तूंवरून भांडताय. या नावाचा उगम कॉम्प्युटरवरचा नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तो टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्याची मुळं लुटुपुटूच्या सैन्याच्या लढायांमध्ये होती, म्हणजे आकडेमोड आणि डावपेच आलेच. पण टेबलाच्या एका टोकाला एक जण गोष्ट चालवणारा बसायचा, आणि बाकीचे ‘मी त्या दारातून आत जातो’ म्हणाले की पुढे काय होतं ते तो सांगायचा. लढाई, गोष्ट, भटकंती, मित्रांची बडबड, सगळं एका टेबलावर. कॉम्प्युटरला हे सगळं एकदम जमणं शक्य नव्हतं. मग ज्याने-त्याने त्या टेबलावरचा एकेक तुकडा उचलला आणि तोच घासूनपुसून चकचकीत केला.

स्कायरिमवाल्या बेथेस्डाने भटकंती उचलली. दूर डोंगर दिसला की तिकडे चालत सुटायचं, वाटेत काहीतरी सापडतंच. विचर ३ करणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने गोष्ट उचलली, तीही एका ठरलेल्या माणसाची. तुम्ही बहुतेक वेळ गेराल्टच असता, आपल्या मनाचं पात्र घडवता येत नाही. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने तळघराच्या अंधारातली ती धाकधूक उचलली: पुढच्या वळणावर काय असेल, आणि मी परत येईन का. आणि बेल्जियमच्या लारियनने २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ काढून जवळजवळ अख्खं टेबलच उचलायचा प्रयत्न केला. तिथे वीस बाजूंचा फासा पडद्यावर खरोखर गडगडतो, आणि फासा वाईट पडला तर तुमचं गोड बोलणंही फुकट जातं.

द गेम अवॉर्ड्समध्ये विचर ३ ला २०१५ चा, एल्डन रिंगला २०२२ चा आणि बाल्डर्स गेट ३ ला २०२३ चा सर्वोत्तम गेम ठरवलं गेलं. पुरस्कार तोच, आणि एकमेकांशी न पटणारे तीन गेम. तेव्हा माप असतं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मापं असतात, पण एकच नसतं. तुम्ही क्वालिटीत आहात. जाडी मोजायच्या व्हर्नियरने वजन मोजायला निघालेल्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

‘गोष्ट नाही’ हा तुमचा आरोप घेऊ. विचर ३ म्हणजे कीर्तन. कीर्तनकार समोर उभा राहून आख्यान लावतो, कुठे हसवायचं, कुठे डोळ्यांत पाणी आणायचं हे त्याला ठाऊक असतं. तो ब्लडी बॅरन आठवा. दारुडा, बायको आणि मुलगी घर सोडून गेलेली, आणि तो तुमच्याकडे त्यांना शोधून द्या म्हणून गयावया करतो. तुम्ही त्याचा तिरस्कार करत जाता आणि मग नेमका तिरस्कारच करता येत नाही. असं लिहिलेलं गेममध्ये क्वचित सापडतं. ते तुम्हाला भिडलं, ते योग्यच आहे.

एल्डन रिंग म्हणजे रामशेज. पायथ्यापासून चढून वर गेलात की पाण्याची टाकी दिसतात, कातळात कोरलेल्या पायऱ्या दिसतात, दरवाजा दिसतो. मुघलांच्या फौजेला या एवढ्याशा किल्ल्याने काही वर्षं झुंजवलं, हे तो किल्ला स्वतः तुम्हाला सांगत नाही. तुम्ही दगड बघायचे आणि आपणच जुळवायचं. एल्डन रिंगची जुनी दंतकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्याकडून लिहून घेतली होती, म्हणजे गोष्टीची कमतरता नव्हती. पण ती तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, एखाद्या भुताच्या पुटपुटण्यात एक ओळ, अशी मोडून विखरून ठेवली आहे. हा गेम करणारे हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितलं आहे की लहानपणी ते आपल्या आवाक्याबाहेरची पुस्तकं वाचायचे, बराचसा मजकूर समजायचाच नाही, आणि न समजलेल्या जागा ते कल्पनेने भरून काढायचे. मोठेपणी त्यांनी गेमही तसेच केले. मला हे फार आवडतं. आपल्याकडेही घरात जे पुस्तक हाताला लागेल ते अर्धंमुर्धं समजत वाचलेली पिढी आहेच की.

पण खरं सांगा. दिवसभर रिजेक्शनचे आकडे बघून, पोरीला थोपटून झोपवून रात्री साडेअकराला जो माणूस खुर्चीत बसतो, त्याच्यात असे दगड जुळवायची ताकद उरलेली असते का? नसते. त्याला आख्यानच हवं असतं. यात कमीपणा काही नाही, पण म्हणून रामशेजवर गोष्टच नाही, असं म्हणणं चुकीचं.

दुसरी एक बाब तुमच्या पत्रात नाही, पण मी पैज लावते की तिनेच तुमचा जास्त घात केला. एल्डन रिंगमध्ये सरळ पॉझ करायची सोय नाही. मेनू उघडला तरी समोरचा राक्षस यायचा थांबत नाही. दोन वर्षांचं मूल शेजारच्या खोलीत झोपलेलं असताना हे म्हणजे संकटच. विचरमध्ये तुम्ही बटण दाबून दूध गरम करून येऊ शकता. बाल्डर्स गेट ३ मध्ये पाळीपाळीने लढाई असते. तुमच्या पाळीवर गेम सकाळपर्यंतसुद्धा वाट बघत बसेल. त्या तेवीस मरणांपैकी किती वेळा तुमचा एक कान पाळण्याकडे होता, ते आठवून बघा. यावरून गेम वाईट ठरत नाही आणि तुम्हीही कच्चे ठरत नाही. त्या घरात, त्या रात्री तो गेम बसत नव्हता, एवढंच. ‘माझ्या आयुष्यात सध्या बसत नाही’, ‘मला आवडला नाही’ आणि ‘वाईट आहे’ ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत, आणि ग्रुपवर रागाच्या भरात आपण हमखास तिसरंच टाइप करतो.

त्यात तुम्ही लिहिलंत ‘ओव्हररेटेड’. हा शब्द मला कुठेच आवडत नाही, ना गेमसाठी, ना मिसळीसाठी. गेम बरा की वाईट याच्याशी त्याचा संबंध नसतो. तो बोट दाखवतो आवडणाऱ्यांकडे: तुम्ही सगळे भुललात, मी एकटा शहाणा.

तुमच्या मित्राने लगेच व्याजासकट परत केलं. ‘तुला गेम कळत नाही.’ आता जरा त्याच्याकडे वळते, कारण त्याची बाजू मी संपूर्ण घेणार नाही. जे अवघड तेच खरं, आणि जो मरत-मरत शिकला तोच खरा खेळाडू, हा तोरा या गेमच्या भक्तांमध्ये बराच आहे. कोणी अडकलं की ‘स्किल इश्यू’, म्हणजे तुझंच कसब कमी, म्हणून मोकळं व्हायचं. वणीच्या गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे. खानदेशातून उन्हातान्हात पायी येणारा भक्त पायऱ्या चढून देवीसमोर उभा राहतो, आणि माझ्यासारखी गुडघेवाली बाई ट्रॉलीने वर जाऊन त्याच सप्तशृंगीसमोर उभी राहते. पायी आलेल्याचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मी हात जोडून मान्य करते. पण त्याने मला ‘तुझं दर्शन झालंच नाही’ म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. विचर ३ मधली सगळ्यात सोपी पातळी नावानेच सांगते की मी फक्त गोष्टीसाठी आहे, ती गेम करणाऱ्यांनीच ठेवली आहे. एल्डन रिंगमध्ये पातळी निवडता येत नाही, पण तिथेही मदतीला आत्मे बोलावायची घंटा आहे, आणि तीही गेम करणाऱ्यांनीच दिली आहे. काही जण तिला चीटिंग म्हणतात. ट्रॉली देवस्थानाच्या गडावर असते, चोरवाटेवर नाही.

तुमच्याही लाडक्याचे दोष त्याने काढले असते तर तुम्हाला मान्य करावे लागले असते. विचरमधली तलवारबाजी साधारणच आहे. बॅरनसाठी आपण ती माफ करतो. स्कायरिममधली तळघरं दहाव्यानंतर एकसारखी वाटू लागतात. तुमच्या गटात कोणी बाल्डर्स गेटवाला असेल आणि सध्या गंमत बघत बसला असेल, तर त्याला विचारा की गेम नवा असताना तिसऱ्या अंकात तो किती अडखळायचा. प्रत्येकाने आपापल्या गेमचं काहीतरी पदराखाली झाकून घेतलेलं असतं. ज्याच्याबरोबर दिवस काढले, त्याचं झाकतोच आपण.

तर आता कंस.

पत्रात तुम्ही लिहिलंय की तो एल्डन रिंगसाठी सहा-सात महिने तुमच्या मागे लागला होता. आणि कंसात लिहिलंय की पुढच्या महिन्यात त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. या दोन गोष्टी पत्रात दीड पान लांब आहेत. कॅलेंडरवर त्या शेजारी-शेजारी ठेवून बघा.

मी तुमच्या मित्राला ओळखत नाही. त्याच्या मनात काय चाललंय हे सांगायचा मला अधिकार नाही, आणि दुःखातला माणूस गेमकडे का वळतो याची सिद्धांतबाजी करायची तर इच्छाही नाही. पण ज्या माणसाने हप्ते भरून तुम्हा चौघांसाठी ती खुर्ची आणि तो कॉम्प्युटर मांडला, तो माणूस गेला. हो, तुम्हा चौघांसाठीच. एकट्या मुलाला एवढा कॉम्प्युटर लागत नाही, हे त्यांना कळत असणार. मुलगा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटा. त्याने तुम्हाला एक गेम पुन्हा पुन्हा पुढे केला. तो तुम्हाला गेम पटवत होता की सोबत मागत होता? मला शंका आहे. शंकाच; चूक असेल तर सोडून द्या.

पण एका बाबतीत मला शंका नाही. तुम्ही लिहिलंत, ‘रात्र-रात्र रिकामा वेळ’. वडील गेल्यावर ज्या रात्री झोप लागत नाही, त्या रात्रींना रिकामा वेळ म्हणत नाहीत. तुमचा मित्र ग्रुप सोडून गेला ते ‘ओव्हररेटेड’मुळे नव्हे. त्या शब्दावर त्याने उलट वार केला, म्हणजे तिथवर खेळ चालू होता. या वाक्यानंतर मात्र त्याने उलट काहीच लिहिलं नाही, नुसता निघून गेला. तुम्हाला हे ठाऊक असावं, नाहीतर तो कंस तुम्ही लिहिलाच नसता.

म्हणून ‘पटवून कसं द्यायचं’ हा प्रश्न मी तुमच्या हातातून काढून घेते. पटवायचं काही नाही. तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा, ते बदलायची गरज नाही. माफी त्या एका वाक्याची मागायची आहे. गेमबद्दलच्या मताची माफी मागितलीत तर ती खोटी वाटेल, आणि मुद्दा पुन्हा गेमवर घसरेल.

आणि आधी काकूंकडे जा. तुम्ही त्यांना काकूच म्हणत असणार. इंदिरानगरहून हिरावाडी म्हणजे द्वारकेचा सिग्नल धरून अर्धा तास. गेल्या वर्षात किती वेळा गेलात? मित्र पुण्यात, त्याची आई इथे, आणि तिच्या घरात सोळा वर्षांचा असताना पडीक असलेला मुलगा याच शहरात राहतो. मुलीला बरोबर न्या. काकूंशी गेमचं, भांडणाचं एक अक्षर बोलू नका. त्यांना मध्यस्थी करायला लावणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं. नुसतं जा, चहा घ्या, श्राद्धाच्या दिवशी काय लागेल ते विचारा. केळीची पानं, ताटं, गुरुजींना आणायला गाडी, काहीतरी असतंच. बोलावणं येईल की नाही याची वाट बघत बसू नका. अशा ठिकाणी घरच्यासारख्या माणसाने बोलावण्याची वाट बघायची नसते.

त्यानंतर मित्राला मेसेज. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. मी असा लिहिला असता: ‘त्या दिवशी संसाराचं आणि रिकाम्या वेळाचं जे बोललो, ते बोलायला नको होतं. चुकलंच माझं. काकूंकडे जाऊन आलो. काकांच्या वर्षश्राद्धाला मी आदल्या दिवसापासून आहे, काय आणायचं ते सांग.’ बस्स. ‘पण तूही म्हणालास ना’ हे शेपूट जोडायचं नाही. तुम्हाला ते जोडावंसं वाटेल, मला माहीत आहे. त्याच्याही तोंडून ‘कळत नाही’ निघालं होतं, त्याचं त्याला वाईट वाटायला थोडी जागा ठेवा. उत्तर आठवडाभर आलं नाही तरी पुन्हा मेसेज करू नका. श्राद्धाच्या दिवशी मात्र ठरल्याप्रमाणे जा.

गेमचं नाव या सगळ्यात कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते नंतर, महिन्या-दोन महिन्यांनी, आणि तेही मत म्हणून नको, काम म्हणून. त्याला म्हणा, ‘मार्गिट काही पडत नाही यार, येतोस का?’ एल्डन रिंगमध्ये दोघांनी एकच पासवर्ड ठेवला की मित्र तुमच्या जगात उतरून मदत करू शकतो. तो कितीही पुढे गेलेला असला तरी पासवर्डने आला की त्याची ताकद तुमच्या बेताने खाली आणली जाते, त्यामुळे तो एकटाच सगळं उरकून टाकेल अशी भीती नको. दोघंही एकाच प्रकारच्या मशीनवर असायला हवेत. पीसी आणि प्लेस्टेशनची गाठ तिथे पडत नाही. बॉस पडला की आलेला पाहुणा आपोआप आपल्या जगात परत जातो. वीस मिनिटांचं काम आहे. हेडफोनवर गप्पा होतील त्या जास्तीच्या. नाही म्हणाला तर नाही. विचरमध्ये परत जा, तिथे कोणी तुमची वाट अडवलेली नाही.

अशी पत्रं मला हल्ली बरीच येतात. कोणाचं भावाशी, कोणाचं होणाऱ्या नवऱ्याशीसुद्धा. म्हणून बाकीच्यांसाठीही दोन-चार गोष्टी इथेच लिहून ठेवते.

मित्राला गेम सुचवताना त्यातली लढाई किती भारी आहे हे सांगण्याआधी त्याला विचारा, तुझ्याकडे एका बैठकीला किती वेळ असतो आणि मध्ये उठावं लागतं का. यावर निम्मे गेम आपोआप गळतात. यातल्या बहुतेक गेमची नुसती मुख्य वाट धरली तरी पन्नास-साठ तास जातात. ज्याला आठवड्यात तीन तास मिळतात त्याला तुम्ही चार-पाच महिन्यांचं काम देताय, हे लक्षात असू द्या. स्टीमवर घेतला असेल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना पैसे परत मागता येतात. प्रामाणिकपणे खेळून बघा आणि आवडला नाही तर दोन तास भरायच्या आत संकोच न करता परत करा, मित्राने सुचवला म्हणून चौदा तास ओढू नका. चौदा तासांनंतर माणूस गेमवर चिडत नाही, सुचवणाऱ्यावर चिडतो.

आणि सुचवणाऱ्यांनो, आपला लाडका गेम दुसऱ्याच्या हातात देऊन त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. मी हे भाच्याच्या बाबतीत अनुभवलं आहे. बॅरनच्या प्रसंगाला तो पडद्याकडे पाहतच नव्हता, माझ्याकडे पाहत होता, मी रडते की नाही ते. मला रडू येत होतं, पण त्याच्या पाहण्यामुळे आलं नाही.

कोणाचं मत ऐकताना ‘तू हा कधी खेळलास?’ एवढं विचारायची सवय लावून घ्या. सुट्टीत, नोकरी शोधताना, दवाखान्याच्या फेऱ्या चालू असताना, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. उत्तरात पुष्कळदा गेमपेक्षा जास्त काही मिळतं. तुमचा स्कायरिम हिरावाडीच्या त्या खुर्चीवरचा आहे. आज पहिल्यांदा खेळणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला तो जुनाट आणि विटका वाटला, तर तो खोटं बोलत नसतो. त्याला ती खुर्ची मिळालेली नाही.

एल्डन रिंगमधली एक गोष्ट मात्र मला अजून आठवते, आणि ती तुम्ही बहुधा घाईत ओलांडून गेलात. खेळणारे लोक जमिनीवर एकमेकांसाठी छोटे संदेश सोडतात: पुढे खड्डा आहे, इथे उडी मारू नका, असं काहीबाही. पुष्कळ नुसती थट्टाही असते. तुमचा संदेश कुठल्या तरी अनोळखी माणसाने वाचून चांगला ठरवला, की त्याच क्षणी तुमच्या गेममध्ये तुमची जखम थोडी भरून येते. मी एकदा मरायला टेकले होते आणि अचानक रक्ताची पट्टी वर गेली. कुठल्या देशात कोणी वाचलं कोण जाणे. तुमच्या मित्राने वर्षभरात असे किती लिहिले असतील, भेट झाल्यावर त्याला विचारा.

आणि मार्गिटबद्दल शेवटचं. तुम्ही त्याच्यापाशी लवकर पोचलात. सोनेरी रेघ तिकडे बोट दाखवते म्हणून सगळेच पोचतात. त्याच्या मागच्या किल्ल्याकडे पाठ करा आणि पूल ओलांडून दक्षिणेच्या द्वीपकल्पात जा. तिथे चार-पाच तास भटका, तलवारीला धार लावून घ्या, ती घंटा घेतली नसेल तर सुरुवातीच्या पडक्या चर्चमध्ये रात्री परत जाऊन बघा, आणि मगच परत या. मुलगी गाढ झोपल्यावर.